खुब्याचा सांधा बदलल्यावर चालणं : कोणत्या ऑपरेशननंतर कसं? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रत्नागिरीपासून देवगडपर्यंतच्या किनारपट्टीत घरोघरी जाऊन खुब्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम करून घेते. हॉस्पिटलमधून मिळणारे सूचनांचे कागद चांगलेच असतात. पण ते सपाट फरशी, कमोड आणि लिफ्ट गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे दारातच दहा चिऱ्याच्या पायऱ्या, खाली पाखाडी, म्हणजे चिऱ्याने बांधलेली पायऱ्या-पायऱ्यांची वाट, आणि चार महिने पाऊस. म्हणून लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र लिहीत आहे.

सगळ्यांचं "खुबा बदलण्याचं" ऑपरेशन एकच असतं का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. खुब्यात कमरेच्या हाडाची वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा त्यात फिरतो. वाटी आणि गोळा दोन्ही बदलले तर तो पूर्ण सांधा, म्हणजे टोटल हिप. फक्त गोळा बदलला आणि वाटी मूळचीच ठेवली तर तो अर्धा सांधा. त्याला कोणी बायपोलर म्हणतं, कोणी हेमी. गोळा न कापता तासून त्यावर धातूची टोपी बसवली आणि वाटीला धातूचं अस्तर दिलं, तर ते रिसरफेसिंग. ड्युअल मोबिलिटी हा पूर्ण सांध्याचाच प्रकार आहे. त्यात छोटा गोळा एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात आणि तो वाटीत असा दोन ठिकाणी फिरतो, त्यामुळे निखळण्याची भीती कमी होते.

रॉड, प्लेट किंवा स्क्रू घातले असतील तर सांधा बदललेलाच नाही, मोडलेलं हाड जोडलेलं आहे. त्याचं वजन टाकण्याचं वेळापत्रक वेगळं असतं. शेजाऱ्याचं बघून आपण ठरवायला जाऊ नये. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. बसवलेल्या भागांचे छोटे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले असतात, त्यांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर तो फोटो फार उपयोगी पडतो.

शेजारच्या काकू दीड महिन्यात बाजारात जायला लागल्या. आमची आई तीन महिन्यांनीही वॉकरवरच आहे. आमचं ऑपरेशन चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या घराला मी आधी एकच विचारते : काकूंचा खुबा झिजला होता की मोडला होता?

काकूंचा झिजला होता. म्हणजे त्या तारीख ठरवून, साखर-रक्तदाब ताब्यात आणून, स्वतःच्या पायाने चालत हॉस्पिटलात गेल्या. दुखणारा सांधा निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. आई न्हाणीत पडल्या. त्या आदल्या दिवसापर्यंत चालत होत्या, आणि एका क्षणात हाड मोडलं, रक्त गेलं, भूल मिळाली, चार दिवस अंथरुणात गेले. त्यात वय जास्त, हाडं ठिसूळ आणि पुन्हा पडण्याची धास्ती. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी साधारण निम्मीच पूर्वीसारखी चालू लागतात, असं जगभरच्या अभ्यासांत दिसत आलं आहे. झिजेसाठी पूर्ण सांधा बदललेल्यांचं चित्र याहून कितीतरी चांगलं असतं.

म्हणून "टोटलवाले चांगले चालतात, बायपोलरवाले लंगडतात" हे जे गावभर बोललं जातं, त्यात ऑपरेशनाइतकाच ते करून घेणाऱ्या माणसांमधला फरक असतो. अर्धा सांधा बहुतेक मोडलेल्या हाडासाठी आणि बहुतेक वयस्करांनाच बसवतात. तुलना करायचीच असेल तर आईची आईशीच करा : पडण्याआधी त्या किती चालत होत्या, गेल्या पंधरवड्यात किती चालत होत्या आणि आज किती. पंधरवड्यागणिक थोडी तरी प्रगती दिसत असेल तर गाडी रुळावर आहे. तीन आठवडे काहीच फरक नसेल, किंवा चालणं मागे जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

हाड मोडलंय. मुलगा मुंबईहून येईपर्यंत थांबलो तर चालेल का?

शक्यतो थांबू नका. प्रकृती ऑपरेशनला तयार असेल तर एक-दोन दिवसांत ते व्हावं, असं बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. अंथरुणात जाणारा प्रत्येक दिवस मांडीचा स्नायू खातो, छातीत कफ साठवतो आणि वयस्कर माणसाला भ्रमात टाकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साधारण सहा तासांत ऑपरेशन केलेल्या आणि साधारण चोवीस तासांत केलेल्या रुग्णांची तुलना झाली. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण लवकर ऑपरेशन झालेले लवकर उभे राहिले आणि त्यांना भ्रमही कमी झाला.

मुलाला फोनवर डॉक्टरांशी बोलू द्या, कागद व्हॉट्सअॅपवर पाठवा. मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं असेल तरी निर्णय त्याच दिवशी घ्या. "रविवारी सगळे जमू, मग ठरवू" यात पेशंटचं नुकसान होतं. मी हे फार वेळा पाहिलेलं आहे, म्हणून इतकं ठासून सांगते.

मोडलेल्या खुब्याला अर्धा सांधा बसवावा की पूर्ण? चालण्यात फरक किती?

२०१९ साली हेल्थ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या, मोडण्याआधी स्वतःच्या बळावर चालणाऱ्या, सुमारे दीड हजार लोकांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत विभागून एका गटाला अर्धा आणि दुसऱ्याला पूर्ण सांधा बसवला. दोन वर्षांनी पूर्ण सांध्यावाल्यांचं चालणं-फिरणं थोडं बरं होतं, पण रोजच्या जगण्यात जाणवावा इतका तो फरक नव्हता. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं.

माझं मत विचाराल तर, घरात आणि खळ्यात (अंगणात) फिरणाऱ्या पंच्याऐंशीच्या आजींना अर्धा सांधा पुरतो. ऑपरेशन लहान असतं आणि निखळण्याची भीती कमी असते. पासष्टीचे, रोज बागेत जाणारे, आधीच खुबा थोडा झिजलेले काका असतील तर पूर्ण सांध्याबद्दल डॉक्टरांशी नक्की बोला. अर्ध्या सांध्यात धातूचा गोळा वाटीतल्या मूळच्या कूर्चेवर, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तरावर फिरतो. भरपूर चालणाऱ्या माणसात काही वर्षांनी ती वाटी झिजून जांघेत दुखू शकतं.

सिमेंटचा चांगला की बिनसिमेंटचा?

सिमेंट म्हणजे सांधा हाडात पक्का धरून ठेवणारा लगदा. झिजेसाठी, धडधाकट हाडात, दोन्ही चांगले. चालण्यात फरक शोधून सापडत नाही. मोडलेल्या ठिसूळ हाडात मात्र सिमेंटचं पारडं जड आहे. इंग्लंडमध्ये बाराशेहून अधिक वयस्कर रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सिमेंटचा अर्धा सांधा बसवलेल्यांचं जीवनमान थोडं बरं होतं आणि सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचे प्रकार कमी होते. "सिमेंट म्हणजे स्वस्तातलं, गरिबाचं" असा समज आपल्याकडे आहे. तो काढून टाका.

पुढून, बाजूने, मागून : कुठून उघडलं यावर चालणं ठरतं का?

पहिले काही आठवडे, हो. वर्षभराने, फारसं नाही. पण ते पहिले आठवडे महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मागून उघडलेल्या ऑपरेशनात चालताना कंबर सावरणारा मुख्य स्नायू, ग्लुटियस मीडियस, शाबूत राहतो. म्हणून चाल सहसा लवकर सरळ होते. मोबदल्यात निखळण्याची भीती जरा जास्त असते. सांध्यामागचा पडदा नीट शिवला तर ती बरीच कमी होते, तरी पहिले काही आठवडे खाली वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आत वळवणं बंद.

बाजूने उघडताना त्याच ग्लुटियस मीडियसचा काही भाग सोडवून पुन्हा शिवतात. निखळण्याची भीती कमी, पण तो स्नायू काही काळ अशक्त राहतो आणि काही जणांची चाल झुकती राहते. या रुग्णांना कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा हे सर्जननाच विचारून ठरवावं लागतं. शिवलेला स्नायू ताणला तर टाके सैल होतात. यूट्यूबवर बघून पहिल्याच आठवड्यात तो व्यायाम करणारे मला भेटतात, तेव्हा जीव कळवळतो. माणूस मनापासून मेहनत करत असतो, पण ती चुकीच्या वेळी.

पुढून, दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून, सांधा बदलला तर काठी लवकर सुटते, पहिले दोन ते सहा आठवडे दुखणं कमी असतं आणि आत्मविश्वास लवकर येतो. तीन महिन्यांच्या सुमारास मागून आणि पुढून केलेल्यांत फरक करता येत नाही. पुढून केलेल्या काही जणांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो, तो चालण्याच्या आड येत नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच. तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे, ती पद्धत तुमच्यासाठी चांगली. पुढून करणारा डॉक्टर शोधत चारशे किलोमीटर जायची गरज नाही. घरी एकटेच राहता, पंधरा दिवसांत स्वतःचं स्वतः करायला हवं, अशी अडचण असेल तर गोष्ट वेगळी.

माझं वय अडतीस. दोन्ही खुब्यांत एव्हीएन आहे. रिसरफेसिंग केलं तर पळताही येतं असं ऐकलं.

एव्हीएन म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणं. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची मोठी कारणं. लवकर लक्षात आलं आणि गोळा अजून खचलेला नसेल, तर हाडाला भोक पाडून दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन असतं. आधी त्याबद्दल विचारा.

रिसरफेसिंगमध्ये गोळा जवळजवळ मूळ आकाराचा राहतो. आधुनिक रिसरफेसिंग १९९७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून पुढे आलं. ट्रेडमिलवर जोरात चालवून केलेल्या काही मोजण्यांत रिसरफेसिंगवाल्यांची चाल दोन्ही पायांवर जास्त समान दिसली. पण चिठ्ठी टाकून केलेल्या एका ब्रिटिश तुलनेत, २०१२ साली, वर्षभरानंतर खुब्याच्या कामगिरीत फरक आढळला नाही. शिवाय धातूवर धातू घासला की कण सुटतात. अशाच बनावटीचा एएसआर नावाचा सांधा २०१० साली जगभरातून परत मागवावा लागला. स्त्रियांत आणि लहान आकाराच्या खुब्यात रिसरफेसिंगचे निकाल कमी चांगले आहेत. शिवाय तासलेल्या गोळ्याचं उरलेलं हाड भक्कम लागतं, आणि एव्हीएनमध्ये नेमकं तेच मेलेलं असतं. तुमच्या वयात पूर्ण सांधा, चांगल्या प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा, हाच बहुतेक सर्जनचा सल्ला असेल, आणि तो मला पटतो.

पळण्याचं म्हणाल तर सांधा किती वर्षं टिकवायचा आहे ते आधी ठरवा. २०१९ साली अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून काढलेल्या हिशोबात पूर्ण सांध्यांपैकी साधारण ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकले होते. अडतीसाव्या वर्षी बसवलेल्या सांध्याला याहून लांब पल्ला गाठायचा असतो.

रोबोटने केलं तर चालणं चांगलं होतं का?

वाटी ठरवलेल्या कोनात जास्त अचूक बसते. त्यामुळे माणूस जास्त चांगला चालतो असं ठामपणे दिसलेलं नाही. त्यासाठी जमीन गहाण टाकू नका.

डॉक्टर म्हणाले "स्कोअर नव्वदच्या वर आहे, उत्तम". पण बाबा अजून देवळापर्यंत जात नाहीत. मग उत्तम कसं?

दोघांचंही बरोबर आहे. हॅरिस हिप स्कोअर ही १९६९ साली अमेरिकेत तयार झालेली शंभर गुणांची मोजणी आजही सर्रास वापरतात. त्यात ४४ गुण दुखण्याला आहेत. लंगडणं, आधार लागणं आणि किती अंतर चालता येतं, यांना प्रत्येकी ११. जिना चढण्याला ४. आणि सार्वजनिक वाहनात चढता येणं, म्हणजे आपली एसटी, याला फक्त १ गुण. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, ओल्या उतारावर चालणं यांना काहीच नाही.

दुसऱ्या दोन चाचण्याही तशाच. एकीत खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते बघतात. दुसरीत सहा मिनिटांत किती मीटर चालणं होतं ते. दोन्ही सपाट, कोरड्या, उजेडाच्या जागेत. प्रगती मोजायला त्या छान आहेत, मीही वापरते. वेगवेगळ्या ऑपरेशनांच्या ज्या तुलना वर लिहिल्या, त्याही अशाच मोजण्यांवर उभ्या आहेत. कॉरिडॉरमध्ये दोन प्रकार सारखे ठरले, म्हणून तुमच्या पाखाडीवर दोन माणसं सारखी चालतील असं नाही. तिथे सांध्याच्या प्रकारापेक्षा कमरेचा स्नायू, तोल, डोळे आणि सराव जास्त कामाला येतात.

म्हणून मी घरच्यांना घराचीच मोजणी लावायला सांगते. न्हाणीपर्यंत काठीशिवाय, खळ्याला एक फेरी, दारातल्या पायऱ्या उतरून चढणं, रस्त्यापर्यंत, दुकानापर्यंत, देवळापर्यंत. कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. बाबा देवळापर्यंत जात नाहीत, तर कुठे थांबतात ते बघा. बहुतेक वेळा एक ठरावीक वळण किंवा कठडा नसलेली एक पायरी निघते. तेवढ्या जागेचा दिवसा, सोबतीने, मुद्दाम सराव केला की अडकलेलं सुटतं.

पाखाडी आणि चिऱ्याच्या पायऱ्या कधी, कशा चढायच्या?

बहुतेक हॉस्पिटलं घरी सोडण्याआधी चार-सहा पायऱ्या करून घेतात. दारातल्या पायऱ्या पहिल्याच दिवशी चढाव्या लागतात, त्याला इलाज नाही. पाखाडी मात्र सहा आठवड्यांनंतर, आणि पहिले काही दिवस सोबत घेऊन.

चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी, मग चांगला. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. दहापैकी बरेच जण ती दुखऱ्या बाजूला धरतात. तिथे ती खुब्यावरचा भार हवा तसा हलका करत नाही.

जर्मनीत काही रुग्णांना मोजणी-यंत्र असलेले सांधे बसवून आतला भार प्रत्यक्ष मोजला गेला. सपाटीवर चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २.४ पट भार येतो, जिना चढताना २.५ पट, उतरताना २.६ पट. म्हणजे पायऱ्यांचा भार सपाटीपेक्षा फार जास्त नाही, आणि ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण अडखळल्यावर तो याच्या कितीतरी पट जातो. थोडक्यात पायरी खुब्याला मारक नाही, ठेच मारक आहे. आणि आपल्या पायऱ्या ठेच लागावी अशाच असतात : एक चार बोटं उंच, दुसरी वीतभर, तिसरीचा कोपरा झिजलेला. ऑपरेशनची तारीख ठरली की सुताराच्या किंवा गवंड्याच्या मागे लागा. एका बाजूला लोखंडी पाइपाचा कठडा आणि पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा एवढं तरी करून घ्या. कठडा उतरताना चांगल्या हाताला येईल की नाही, हेही बघा.

पावसाळ्यात ऑपरेशन करावं का?

मोडलं असेल तर प्रश्नच नाही. झिजेचं असेल आणि निवड हातात असेल, तर दिवाळीनंतरचे महिने मला बरे वाटतात. सराव अंगणात होतो. जूनमध्ये केलं तर पहिले तीन महिने, म्हणजे चाल सर्वात वेगाने सुधारण्याचा काळ, माणूस पडवीतच राहतो. तरी करायची वेळ आलीच तर पडवीची लांबी पावलांनी मोजा आणि फेऱ्या ठरवा. चिऱ्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढा, ब्लीचिंग पावडर टाका आणि धुऊन घ्या. काठीच्या बुडाचं रबर झिजलं की लगेच बदला. सारवलेली ओली जमीन आणि रबरी स्लिपर ही जोडी टाळा, मागे पट्टा असलेली चप्पल वापरा.

वाळूत चालू का?

तीन महिन्यांनंतर, ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कोरडी भुसभुशीत वाळू नंतर. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने चाललं तर एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. जितकं जाल तितकंच त्याच रेषेत परत या.

खाली बसणं, देशी संडास, गौरी-गणपती?

अर्ध्या सांध्याला आणि मागून केलेल्या पूर्ण सांध्याला पहिले तीन महिने खाली बसणं टाळाच. गुडघा कमरेच्या वर जाईल अशी कुठलीही बैठक नको : पाट नाही, बुटकं स्टूल नाही, खोल सोफा नाही. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळते. ती ऑपरेशनच्या आधीच आणा. न्हाणीतही उंच स्टूल.

नंतर बसता येईल का, हे सांध्याचा प्रकार, वाटीचा कोन आणि गोळ्याचा आकार यांवर ठरतं. मोठा गोळा किंवा ड्युअल मोबिलिटी असेल तर काही सर्जन मांडी घालायची परवानगी देतात. उकिडवं बसायची क्वचितच. हे ऑपरेशननंतर नाही, आधी बोला. "मला शेतात बसून काम करायचं आहे", "मी भटजी आहे, पूजेला खाली बसावं लागतं" असं सांगितलंत तर सर्जन सांधा निवडताना ते धरतात. गणपतीत आरतीला खुर्चीवर बसलात किंवा उभे राहिलात तर देव काही रागावत नाही. दंडवत घालायला जाऊ नका, हात जोडा.

एसटी, रेल्वे, फेरीबोट?

एसटीची पहिली पायरी उंच असते. घरात तितक्याच उंचीवर, दोन्ही हातांनी धरून, चांगला पाय आधी टाकत चढण्याचा सराव झाल्याशिवाय जाऊ नका. काही स्टेशनांवर फलाट ठेंगणा आणि डब्याची पायरी उंच, शिवाय गाडी थांबते थोडाच वेळ. त्यामुळे सहा आठवड्यांच्या तपासणीला शक्य तर कार करा. सीट मागे सरकवा, उशी ठेवून उंच करा, आधी पाठमोरं बसा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडीतच बसून राहा, ओल्या लोखंडी उतारावर उतरू नका. लांबच्या प्रवासात तासा-दीड तासाने थांबून चार पावलं चाला आणि बसल्या जागी घोटे हलवत राहा.

ऑपरेशनचा पाय लांब वाटतो.

पहिले दोन-तीन महिने अनेकांना वाटतो. वर्षानुवर्षं आखडलेले स्नायू आणि कललेली कंबर यांमुळे तसं होतं, आणि बरंचसं आपोआप जातं. लगेच चांभाराकडून चपलेला टाच लावून घेऊ नका. कंबर त्या टाचेच्या हिशोबाने पुन्हा कलायला शिकते. तीन महिन्यांनीही वाटत असेल तर मोजून घ्या. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना जाणवतही नाही.

हाडवैद्याकडून मालीश केली तर?

नको. बदललेल्या सांध्याला ओढणं, पिळणं म्हणजे तो निखळायला बोलावणं. ताज्या जखमेजवळ तेल तर मुळीच नको.

कोणत्या लक्षणांना ताबडतोब जायचं?

पाय अचानक आखूड दिसू लागला, आत किंवा बाहेर वळला आणि वजनच टाकवेना, तर सांधा निखळला असेल. पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर रक्ताची गाठ असू शकते. यात सकाळ व्हायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. जखमेतून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यालाही त्याच दिवशी दाखवा. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्याने जंतू लपतात आणि निदान अवघड होतं.

महात्मा फुले योजनेत बसतं का?

रुग्णालय योजनेत आहे का, तुमचं नेमकं ऑपरेशन तिथे मंजूर होतं का आणि कोणता सांधा मिळेल, हे तीन प्रश्न भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही बघून ठेवा. मोडलेल्या खुब्याच्या वेळी घाईत हेच अडतं.

दोन वर्षं झाली. दुखत नाही, पण लंगडतो. आता काही होईल का?

बऱ्याच वेळा होतं. आधी कारण शोधू. दाराच्या चौकटीला हलका हात लावून ऑपरेशनच्या पायावर एकट्याने उभे राहा. घरातल्या कोणाला तरी मागून तुमच्या पायजम्याच्या नाडीची किंवा परकराची रेघ बघू द्या. रेघ सरळ राहिली तर स्नायू ठीक आहे. तागडीसारखी दुसऱ्या बाजूला कलली, किंवा तोल राखायला तुमचं धड याच पायाकडे झुकलं, तर ग्लुटियस मीडियस अशक्त आहे. दुखत असताना वर्षानुवर्षं वाचवत चालल्याने तो वाळतो, आणि नवा सांधा बसवला म्हणून आपोआप भरत नाही.

दोन वर्षांनीही तो व्यायामाने भरतो. पडवीच्या खांबाला धरून ऑपरेशनचा पाय बाजूला उचलणं, धड सरळ ठेवून. नंतर त्याच पायावर उभं राहून चांगला पाय उचलणं. हाताचा आधार न घेता उंच खुर्चीतून उठणं. दारातल्या सर्वात बुटक्या पायरीवर ऑपरेशनचा पाय ठेवून अंग वर उचलणं. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोनदा, सलग तीन महिने. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे. जड जात नसेल तर पायरी उंच घ्या किंवा पायाला वाळूची पिशवी बांधा. काठी लाजेने टाकली असेल तर या तीन महिन्यांपुरती पुन्हा हातात घ्या. झुकत चालण्याची सवय मोडायला तिचीच मदत होते.

तीन महिने प्रामाणिकपणे करूनही रेघ कलत राहिली, किंवा मांडीत, जांघेत चालताना नव्याने दुखू लागलं, तर एक्स-रे काढून सर्जनला दाखवा. सांधा सैल झाला असेल किंवा शिवलेला स्नायू सुटला असेल तर तो व्यायामाने बसत नाही. त्याला वेगळे उपाय आहेत आणि ते लवकर केलेले बरे.